जोडधंद्याची वही

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. दुपारचा चहा घेऊन मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, तोच धाकट्या मुलीचा मुलगा आला. एरवी हा आला म्हणजे चपला दोन दिशांना उडवून थेट स्वयंपाकघरात शिरतो आणि आजीने झाकून ठेवलेले जे काही असेल ते उघडतो. त्या दिवशी त्याने चपला नीट जोडून ठेवल्या, मला वाकून नमस्कार केला आणि समोर मांडी घालून बसला. काम मोठे असणार, हे मी ताडले.

काम खरोखरच मोठे होते. त्याच्या हातातल्या कागदावर एक यादी होती : एक कॅमेरा, तीन लेन्स, दोन फ्लॅश, ट्रायपॉड, दिव्यांच्या छत्र्या आणि वरून छायाचित्रे घेण्यासाठी एक ड्रोन. खाली बेरीज, ३,८५,००० रुपये. चिरंजीव इंदुरातल्याच एका कंपनीत संगणकावर काम करतात, शनिवार-रविवार मोकळे. त्या मोकळ्या दिवसांत लग्नकार्यांची छायाचित्रे काढण्याचा जोडधंदा करावा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. कर्ज मिळत होते, पण जामीन हवा होता. वडिलांनी हात झटकले होते.

"बाबा म्हणतात, आधी स्वतःचं लग्न कर, मग दुसऱ्यांच्या लग्नांचे फोटो काढ. आजोबा, तुमची पेन्शन आहे. तुम्ही फक्त सही करा."

'फक्त सही करा' हे शब्द मी अगदी याच स्वरात, जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी, कचेरीतल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याला म्हटले होते. त्यांनी सही केली होती. मी नातवाला म्हटले, "दोन दिवसांनी सांगतो." तो थोडा हिरमुसला, मग रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात गेला.

रात्री जेवणे आटोपल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढवून घेतली. तीत एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. पहिल्या पानावर 'श्री' आणि खाली 'दसरा, १९७६'. अक्षर माझे नाही, सौ.चे आहे. तिच्या शेजारी जुन्या मफलरीत गुंडाळलेला माझा रोलायकॉर्ड.

त्या काळी मी येथील एका सरकारी कार्यालयात आरेखक होतो. पगार हातात पडे तो ५२० रुपये. घरात आई, लग्नाची एक बहीण, आम्ही उभयता आणि वर्षाची मुलगी. रामबागेतल्या एका वाड्यात दोन खोल्या. छायाचित्रणाचा नाद मला लहानपणापासून होता. बडोद्यात बनणारा 'क्लिक थ्री' कॅमेरा मामांनी मॅट्रिक झाल्यावर दिला होता, आणि सुट्टीच्या दिवशी मी तो गळ्यात अडकवून छत्रीबागेत नाही तर पाताळपाण्याला जात असे. नादापायी पैसे जात होते. नादातूनच पैसे यावेत, ही कल्पना हळूहळू डोक्यात शिरली.

ती शिरण्याला कारणही तसेच झाले. राजवाड्याजवळ एक जुना स्टुडिओ होता. त्याच्या मालकांना सारे 'मास्तर' म्हणत. मागे रंगवलेला पडदा, त्यावर संगमरवरी जिना आणि मोर. पुढे एक नक्षीदार स्टूल आणि फुलदाणी. इंदूरच्या दोन पिढ्या त्या फुलदाणीवर हात ठेवून उभ्या राहिल्या असतील. मास्तरांकडे मी काचेवर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्ह सुधारायला शिकलो. काम करता करता ते गोष्टी सांगत. त्यांची आवडती गोष्ट लाला दीनदयाळांची.

हैदराबादकर वाचकांना हे नाव नवे नसेल. पण दीनदयाळांची सुरुवात इंदुरात झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८४४ साली सरधन्याला जन्मलेले हे गृहस्थ रुडकीच्या महाविद्यालयात शिकून १८६६ साली येथील बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम नकाशे काढण्याचे आणि अंदाजपत्रके करण्याचे. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आश्रय मिळाला, मध्य भारतातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची मर्जी बसली, आणि पुढे नोकरी सोडून ते निजामाच्या दरबारी छायाचित्रकार झाले. 'राजा' हा किताब मिळाला. सिकंदराबादेत आणि मुंबईत स्टुडिओ निघाले. १९०५ साली ते वारले, तोवर त्यांचे नाव देशभर झाले होते.

आरेखकाची नोकरी, इंदूर शहर आणि जोडीला कॅमेरा! ही गोष्ट ऐकून अठ्ठावीस वर्षांच्या आरेखकाचे डोके फिरणार नाही तर काय होणार? फरक एवढाच, की त्यांना होळकर मिळाले आणि मला रामबाग. पण हा फरक त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही. मास्तरांच्या मात्र आला असावा. ते म्हणाले, "सामान विकत घेऊ नकोस. लग्न मिळालं की माझा कॅमेरा भाड्यानं ने. वर्षभर असं करून बघ." मला वाटले, म्हातारा स्पर्धेला भितो आहे. आज मी त्यांच्या वयाचा झालो, तेव्हा कळते की तो सल्ला लाखमोलाचा होता. आणि तो मी मानला नाही.

त्या दिवसांत परदेशी कॅमेरा नवा मिळणे दुर्घट होते. आयातीवर बंधने, वर जबर जकात. त्यामुळे धंद्याचे लोक जुन्यावरच भागवीत. मुंबईला कोटातल्या एका दुकानात जर्मन बनावटीचा जुना रोलायकॉर्ड १,४५० रुपयांना आहे, असे मास्तरांच्या ओळखीने कळले. फ्लॅशचे ३८० वेगळे. कचेरीतल्या पतपेढीचे कर्ज १,५००, दरमहा ७५ रुपयांचा हप्ता, चोवीस महिने. उरलेले ३३० कोठून आणावेत या विवंचनेत असताना सौ.ने ताटात भाकरी वाढता वाढता सांगितले, "माझी भिशी या महिन्यात लागली आहे." ती ग्वाल्हेरची. तिकडच्या मुली फार बोलत नाहीत. बोलल्या की मग बदल नाही. त्या भिशीतून तिला शिवणयंत्र घ्यायचे होते, हे मला पुढे चार वर्षांनी आईकडून कळले.

सरकारी नोकराला परवानगीवाचून धंदा करता येत नाही. तेव्हा धंदा सौ.च्या नावाने करायचा आणि तसे कार्यालयाला कळवायचे असे ठरले. म्हणून वहीतले अक्षर तिचे. मी फोटो काढणारा, मालकीण ती.

मीटरगेजने खांडवा आणि तेथून मुंबई असा प्रवास करून मी कॅमेरा आणला. परतीच्या वाटेवर रात्रभर तो मांडीवर घेऊन बसलो. पाणी प्यायलाही उतरलो नाही. घरी आल्यावर आईने त्याला हळदकुंकू वाहिले. ज्यांनी हा कॅमेरा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : याला दोन डोळे, एकाखाली एक. वरच्यातून पाहायचे, खालच्यातून चित्र उमटते. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरून, मान खाली घालून, वरच्या घुसळलेल्या काचेत पाहायचे. त्या काचेत डावे उजवीकडे दिसते आणि उजवे डावीकडे. आई म्हणे, "हा बरा कॅमेरा! प्रत्येकापुढे वाकूनच फोटो काढावा लागतो."

मास्तरांनी आपला जुना एन्लार्जर दिला. मोबदल्यात मी सहा महिने त्यांच्या निगेटिव्हज सुधारून द्यायच्या. न्हाणीघर ही आमची अंधारखोली. रात्री सगळ्यांचे आटोपले, की खिडकीला गोधडी लावायची आणि लाल दिवा पेटवायचा. मसाला घरीच बनवीत असू. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. दोन ग्रॅम मोजायला सराफ्यातल्या एका ओळखीच्या सोनाराचा तराजू आणला होता. खरी अडचण पाण्याची. हायपोमधून काढलेली फिल्म आणि कागद भरपूर पाण्यात धुवावे लागतात, नाही तर वर्षा-दोन वर्षांत चित्र पिवळे पडते. नर्मदेचे पाणी तेव्हा अजून शहरात यायचे होते. नळ पहाटे तासभर येई. सौ. चार बादल्या वेगळ्या भरून ठेवी आणि एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे कागद धूत बसे. धुतलेले पाणी पायरीवर ओतायचे. तुळशीला घालायचे नाही, एवढा आईचा दंडक.

पहिल्या वर्षी लग्नांपेक्षा दुसरेच काम अधिक आले. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. मुलींची स्थळे पुण्याला, नागपूरला, कधी थेट कोल्हापूरला. मुलीच्या आधी पत्रिका आणि फोटो टपालाने जात. वाड्यातल्या आणि आसपासच्या मुली काठापदराची साडी नेसून आमच्या गच्चीवर येत. सकाळी नऊच्या सुमारास तिथे छान मऊ उजेड असे. एक फोटो उभा, एक चेहऱ्याचा. बरोबर आई किंवा काकू असायचीच. "हस, पण दात दाखवू नकोस," ही सूचना मी इतक्या वेळा ऐकली आहे की स्वप्नातही ऐकू येई.

एका मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "जरा उजळ येऊ द्या." काम अवघड नव्हते. कागदावर एन्लार्जरचा उजेड दोन सेकंद कमी टाकला की वर्ण उजळतो. मी टाकला. नागपूरचे लोक पाहायला आले आणि चहा-पोहे झाल्यावर मुलाच्या आईने सर्वांदेखत विचारले, "फोटो हिचाच ना?" स्थळ मोडले. नंतर ती मुलगी रस्त्यात भेटली, की मान खाली घालून जाई. दोष तिचा नव्हताच. पण मान तिची खाली. त्या दिवसापासून उजेडाचे सेकंद मी माझ्या हिशेबाने ठरवू लागलो. दोन गिऱ्हाइके गेली. वहीत त्यांची नोंद नाही. न झालेल्या कामाची नोंद कोण करतो?

लग्नाचा हिशेब मात्र वहीत तपशीलवार आहे. तीन रोल, प्रत्येकात बारा चित्रे, म्हणजे छत्तीस. रोल पूर्व जर्मनीचे ओर्वो, २७ रुपये. कागद आणि रसायने ३८. आल्बम २२. रिक्षा ६. एकूण ९३. बिल १७५. शिल्लक ८२. हे आकडे पाहून मी मोठ्या आनंदात होतो. एका लग्नात हप्ता फिटतो, वर सात रुपये! परंतु हप्ता येतो दरमहा, आणि लग्ने येतात मुहूर्तावर. आषाढी एकादशीला देव झोपले की कार्तिकीपर्यंत फोटोग्राफरचाही चातुर्मास. पुढे पौष. पतपेढीला मात्र ना आषाढ ना पौष. मग श्रावण-भाद्रपदात हप्ता पगारातून जाई आणि घरात तेल-तुपाला कात्री लागे. १९७७ सालच्या अखेरीस सौ.ने बेरीज केली. लग्ने ११, शिल्लक ९०२. हप्ते १२, रुपये ९००. वर्षभराची कमाई दोन रुपये. त्यात तिच्या रात्री धरलेल्या नाहीत. ती म्हणाली, "दोन तर दोन. पण कॅमेरा आपला होतोय ना?"

आता त्या पानाकडे येतो, ज्यासाठी मी पेटी उघडली होती.

१९७८ चा वैशाख. वाड्यातल्याच तात्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न. तात्या म्हणजे आमच्या घरच्यासारखे. ही मुलगी माझ्या कडेवर वाढलेली, मला काका म्हणणारी. तात्यांनी पन्नास रुपये आगाऊ दिले. मी नको म्हणत होतो, ते म्हणाले, "घरचा म्हणून फुकट नको. धंदा आहे तुझा." मुहूर्त गोरज. म्हणजे मंगलाष्टके लागणार ती दिवेलागणीला, मांडवात. सारी मदार फ्लॅशवर.

सकाळी घरच्या अंगणात मी दिवसाच्या उजेडात एक रोल काढला. हळद, घाणा, ग्रहमख. मग सगळ्यांचा एक समूह. तात्यांच्या मातुःश्री, आम्ही त्यांना आजी म्हणत असू, खुर्चीत मध्यभागी. मी कॅमेरा तिवईवर लावला, तर तात्या ओरडले, "तूही ये की यात! तू का बाहेरचा?" रोलायकॉर्डच्या भिंगाशेजारी एक लहानशी कळ असते. तिला तीन जागा : एम, एक्स आणि व्ही. व्हीवर नेऊन चाप दाबला, की काही सेकंदांनी कॅमेरा आपण होऊन फोटो घेतो. मी कळ व्हीवर नेली, धावत जाऊन आजींच्या मागे उभा राहिलो. फोटो झाला. परत येऊन कळ जागेवर आली आहे ना याची खात्री म्हणून तिला आणखी थोडे ढकलले. घाई होती, नवरदेवाकडची मंडळी आली होती.

एक्स ही जागा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी. एम ही जुन्या, एकदा पेटून जळून जाणाऱ्या बल्बांसाठी. ते बल्ब पेटायला क्षणाचा काही अंश घेतात, म्हणून कळ एमवर असली की कॅमेरा आधी दिव्याला इशारा देतो आणि मग झडप उघडतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला अशी सवड लागत नाही. तो तत्क्षणी चमकून विझतो. आणि झडप उघडते तेव्हा उजेड निघून गेलेला असतो. माझी कळ एक्स ओलांडून एमवर गेली होती.

संध्याकाळभर प्रत्येक वेळी फ्लॅश लखलखला. कोणालाही शंका येण्याचे कारण नव्हते. मलाही आली नाही. अंतरपाट दूर झाला, तो क्षण मी साधला. अक्षता हवेत असताना साधला. कन्यादानाच्या वेळी तात्यांचे डोळे भरले, तेही घेतले. आजींना दोघांनी धरून मांडवात आणले, त्यांनी नातीच्या आणि नातजावयाच्या डोक्यावर थरथरता हात ठेवला, तेव्हा तर मी मनात म्हटले, हा माझा आजवरचा सर्वोत्तम फोटो.

रात्री दीड वाजता न्हाणीघरात पहिला रोल, सकाळचा, उत्तम निघाला. मग संध्याकाळचे तीन. हायपोतून काढून दिव्यासमोर धरले तर फिल्म काचेसारखी निर्मळ. कुठे कुठे मांडवातल्या बल्बांचे काळे ठिपके, बाकी काही नाही. छत्तीसच्या छत्तीस. सौ. दाराबाहेर बादल्या घेऊन बसली होती. तिने विचारले, "धुवायला देताय ना?" मी म्हटले, "धुवायला काही नाही."

तीन दिवस मी तात्यांना टाळले. एकाच वाड्यात राहून एखाद्याला टाळणे किती कठीण असते, हे वाड्यात राहिलेल्यांनाच कळेल. कचेरीतल्या मित्राने तोड सुचवली, "रोल खराब निघाले म्हण. मुदत संपलेले रोल बाजारात येतातच. सगळे तसंच सांगतात." मला ते पटत चालले होते. रात्री मी सौ.ला तसे म्हणालो. ती वही पुढ्यात घेऊन बसली होती. म्हणाली, "रोल खराब होते, तर सकाळचे फोटो कसे आले, असं तात्या विचारणार नाहीत. पण मी विचारीन."

चौथ्या दिवशी सकाळी मी पन्नास रुपये आणि सकाळच्या रोलचे बारा फोटो घेऊन तात्यांकडे गेलो आणि कळीची सगळी हकीकत सांगितली. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांची बायको आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मग बाजेवर पडलेल्या आजीच म्हणाल्या, "अरे, मोतीबिंदूनं मला मांडवातली नवरी दिसली नाही, तर कागदावरची काय दिसणार? कार्य पार पडलं ना? मग झालं." तात्यांनी विचारले, "रोलचे किती झाले?" मी नको नको म्हणत असता त्यांनी पन्नासांतून ३६ रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. "रोल तर खर्ची पडले ना? मग?" ते मला रागावले असते तर फार बरे झाले असते. त्या ३६ रुपयांची नोंद वहीत आहे, आणि तिच्यापुढे सौ.ने काहीही शेरा लिहिलेला नाही.

श्रावणात मुलगी मंगळागौरीला माहेरी आली. मी दिसताच म्हणाली, "काका, शालू आणलाय. काढा फोटो." गच्चीवर, नऊच्या उन्हात, शालू नेसून, मुंडावळ्या बांधून ती एकटी उभी राहिली. यजमान सागरला नोकरीवर होते. मी काढला. चांगला आला. आजी त्या दिवाळीआधीच गेल्या. त्यांच्या नातीसह असलेला एकच फोटो उरला, सकाळचा समूहाचा. तो तात्यांच्या बैठकीत लागला, आणि त्यात मागच्या रांगेत मी उभा आहे. दात दाखवून हसतो आहे. तात्यांच्या घरी गेलो, की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसत असे. ती मुलगी आता स्वतः आजी झाली. तिची नातवंडे आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो मागतात, तेव्हा ती सांगते, "तो इंदूरच्या काकांकडे आहे." दोन वर्षांपूर्वी तिने मला फोनवर हे हसत हसत सांगितले. मीही हसलो. दुसरे काय करणार?

त्यानंतर कळ एक्सवर ठेवून तिच्यावर डॉक्टरी चिकटपट्टी लावली. ती अजून आहे. तेव्हापासून महत्त्वाच्या कार्याला मास्तरांचा दुसरा कॅमेरा भाड्याने नेऊ लागलो. एका कॅमेऱ्याने एक फोटो, दुसऱ्याने दुसरा. भाडे दर वेळी १५ रुपये, म्हणजे शिल्लक आणखी घटली. तरी पतपेढीचे कर्ज मुदतीत फिटले आणि जामीन राहिलेल्या सहकाऱ्यांना पेढे दिले. सौ.चे शिवणयंत्रही आले, उशिरा. पुढे रंगीत फोटो आले, ते धुणारी यंत्रे आली, मग मांडवात व्हिडिओचे प्रखर दिवे आले; न्हाणीघरातल्या धंद्याला दम राहिला नाही. १९८६ साली एन्लार्जर विकला. दहा वर्षांची सगळी बेरीज वहीच्या शेवटच्या पानावर आहे. ती मी येथे सांगत नाही. मालकिणीची परवानगी नाही.

दोन दिवसांनी नातू आला. मी यादी मागून घेतली. म्हटले, "लग्नाच्या ऐन वेळी हा कॅमेरा बंद पडला तर?"

तो म्हणाला, "आजोबा, यात दोन कार्डं असतात. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर जातो. एक बिघडलं तरी दुसऱ्यावर असतो."

"कार्ड बिघडलं तर ठीक. कॅमेराच बिघडला तर? का तू बिघडलास तर?"

तो गप्प झाला. मी मफलर सोडून रोलायकॉर्ड त्याच्या हातात दिला. त्याने चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला आणि ती कशासाठी, असे विचारले. मी सांगितले. त्याने तात्यांच्या बैठकीतला तो फोटो लहानपणी पाहिला होता. "म्हणजे तुम्ही त्यात आहात ते त्यामुळे?" एवढेच बोलला.

मग आम्ही दोघांनी मिळून यादी पुन्हा केली. ड्रोन गेला. तीन लेन्सपैकी एक गेली. ती लागेल तेव्हा भाड्याने मिळते, असे त्याचे तोच म्हणाला. भारी कॅमेऱ्याऐवजी मध्यम प्रतीचे दोन सारखेच कॅमेरे, त्यातला एक वापरलेला, असे ठरले. बेरीज खाली आली. आजी आतून म्हणाली, "वही घाल त्याला एक. आणि अक्षर कोणाचं असणार ते आताच ठरवा." मी पेन काढले.

"पहिला हप्ता कोणत्या महिन्यात?" मी विचारले.

"जुलै."

"म्हणजे आषाढ. त्यांना सांग, मार्गशीर्षापासून घ्या. आणि नाही म्हणाले तर चार हप्ते आधी बाजूला टाक, मग माझी सही."

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग उठून खुंटीवरचे पंचांग काढून आणले आणि विचारले, "यात मुहूर्त कुठल्या पानावर असतात?"